शेवंतीला अंधार लागतो

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

धंतोलीत हिवाळा आल्याचे दोन खुणांवरून कळते. हातगाडीवर संत्र्यांच्या शेजारी शेवंतीच्या कुंड्या दिसू लागतात आणि दवाखान्यांच्या पायऱ्यांवर बसलेल्या बाहेरगावच्या नातेवाइकांच्या अंगावर शाली येतात. आमची वस्ती एके काळी बंगल्यांची. घराला अंगण, अंगणात पारिजातक, मागे विहीर. आता बऱ्याच बंगल्यांच्या जागी रुग्णालये उभी आहेत. त्याबद्दल तक्रार कशी करणार? रात्रीबेरात्री गरज पडली की तिथेच धावतो आपण. पण अंगण गेले ते गेलेच. माझी बाग आता गच्चीवरच्या पंधरा-वीस कुंड्यांत आहे.

काही वर्षांपूर्वी त्यातल्या दोन कुंड्यांनी मला कोड्यात टाकले. एकाच झाडाचे दोन फुटवे, माती एक, खत एक, पाणी घालणारा हातही एकच. दिवाळीच्या सुमारास मागच्या बाजूच्या कुंडीला कळ्या लगडल्या. पुढची मात्र नुसती पानांनी माजलेली, कळीचा पत्ता नाही. निंबोळी पेंड घालून पाहिली, ताक घालून पाहिले, शेवटी रागावूनही पाहिले. मग एका सकाळी चालत महाराजबागेत गेले. तिथे वाफ्यात बसलेल्या एका वयस्कर माळ्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने खताबद्दल एक शब्द विचारला नाही. खुरपे बाजूला ठेवून एवढेच म्हणाला, "ताई, रातच्याला लाइट रायते का तिथं?"

राहतो. समोरच्या रुग्णालयाची पाटी रात्रभर उजळलेली असते.

हे ज्ञान त्याच्याकडे कुठून आले असेल, असा विचार करत मी घरी आले आणि त्या निमित्ताने या बागेचा इतिहास चाळायला बसले.

भोसल्यांचे नागपूर हे तलावांचे आणि बागांचे शहर होते. तुळशीबाग, रेशीमबाग, पालडी, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी ही नावे आज वस्त्यांची आणि बसथांब्यांची वाटतात. पण त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकेक बाग आहे. महाराजबाग त्यांतलीच, जुन्या शहराबाहेर, सीताबर्डीच्या टेकडीच्या पश्चिमेला. नावाप्रमाणे महाराजांची, तुमच्या-आमच्यासाठी नव्हे. ज्या टेकडीच्या पायथ्याशी आपण आज भाजी घेतो, तिथे 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला इंग्रज आणि भोसले यांची लढाई झाली आणि राज्याचा कणा मोडला. तिसरे रघुजी 11 डिसेंबर 1853 ला वारले, गादीला वारस मानला गेला नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा झाले. राजाचे जे जे होते ते सरकारचे झाले. हत्ती-घोडे, जडजवाहीर यांचे लिलाव झाले, त्याच्या कहाण्या नागपुरात अजून सांगतात. बाग काही लिलावात उचलून नेता येत नाही. ती राहिली.

1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि इथे साहेबी थाटाचे सार्वजनिक जीवन सुरू झाले. 1863 मध्ये आपला अजबबंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, उभे राहिले. मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांच्या काळात, डिसेंबर 1865 मध्ये, नागपुरात कला, कारागिरी आणि शेतमालाचे मोठे प्रदर्शन भरले. रेल्वे यायची होती अजून. ती 1867 ची. प्रदर्शनाला डिसेंबरच का निवडला, हे नागपूरकराला सांगायला नको. मे महिन्यात भरवले असते तर बघायला आले असते कोण? 'पाहण्यासाठी मांडणे' ही गोष्ट या शहरात तेव्हापासून हिवाळ्याशी जोडली गेली, असे मला वाटते. पुढे 1894 मध्ये महाराजबागेत प्राणिसंग्रहालय सुरू झाले. 1906 मध्ये शेजारच्या कृषी शाळेचे महाविद्यालय झाले. 1969 मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. महाविद्यालय आणि बाग त्या विद्यापीठाकडे आली. म्हणजे राजा, साहेब, प्राध्यापक असे मालक बदलत गेले. याच महाविद्यालयाचा उद्यानविद्या विभाग हिवाळ्यात शेवंतीचे प्रदर्शन भरवत आला आहे आणि अर्धे नागपूर ते बघायला जाते.

साहेब आपल्याबरोबर हंगामी फुले घेऊन आला. फ्लॉक्स, पिटुनिया, कॅलेंडुला, डायँथस. ही थंड हवेची फुले. 1860 च्या दशकात फर्मिंजर नावाच्या पाद्र्याने बागकामावर एक जाडजूड पुस्तक लिहिले. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि बंगल्याबंगल्यांत ते पोचले. पण तो गृहस्थ बंगालमध्ये राहणारा. तिथली दमट हवा कुठे आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना पोचणारे, मातीला हात जाईल एवढ्या भेगा पाडणारे आपले ऊन कुठे! पुस्तकातले वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालणे शक्य नव्हते. ते नागपूरच्या हवेला कोणी बसवून घेतले असेल? ज्याच्या हातात झारी होती त्याने. राजांची नावे आपल्याला तारखांसकट पाठ आहेत, आयुक्तांची नावे इमारतींवर आहेत. माळ्याचे नाव फार तर हजेरीपटावर असायचे, आणि हजेरीपट कोण जपून ठेवतो?

शेवंतीचे हे वर्षभराचे काम, बघणारे लोक घरी गेल्यावर सुरू होते. जानेवारीत फुले सुकली की झाड जमिनीपासून चार बोटांवर कापतात. बुंध्यातून नवे फुटवे निघतात, त्यांना काश्या म्हणतात. त्या अलगद सोडवून वाफ्यात लावायच्या. मार्चपर्यंत सारे सुरळीत असते. मग उन्हाळा. एप्रिल ते जून शेवंतीकडून कशाचीच अपेक्षा ठेवायची नसते. फक्त जिवंत ठेवायची. पूर्वी तट्टे बांधत, आता हिरवी जाळी लावतात. पाणी सूर्य उगवायच्या आत आणि मावळल्यावर. दुपारी झाड मान टाकते, तेव्हा आपल्यासारख्या हौशी माणसाला राहवत नाही आणि तो तांब्याभर पाणी ओततो. तापलेल्या मातीत पाणी साचले की मुळे कुजतात. माळी मात्र मान टाकलेल्या झाडाकडे शांतपणे बघत बसतो. संध्याकाळी ते आपोआप उभे राहते, हे त्याने पाहिलेले असते. नवतपाचे नऊ दिवस म्हणजे वार्षिक परीक्षा. डिसेंबरात जी कुंडी बघून आपण 'वा' म्हणतो, तिचा निकाल त्या नऊ दिवसांत लागलेला असतो.

मृग बरसला की उलटी काळजी. काळ्या मातीत पाणी मुरत नाही. कुंड्या विटांवर चढवायच्या, तळाच्या भोकावर खापरी आहे ना ते बघायचे. जुलैत कोवळ्या शेंड्यांची कलमे वाळूत लावली की दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. मग माती, शेणखत, वाळू यांचे मिश्रण करून कुंडीत. पोळ्याच्या आसपास शेंडा खुडायचा, म्हणजे झाड उंच न जाता पसरते. गणपतीनंतर काठ्यांचे आधार. हाच काळ जपण्याचा. 22 सप्टेंबर 2023 च्या रात्रीचा पाऊस नागपूरकर विसरणार नाहीत. अंबाझरी ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, पंचशील चौकातल्या पुलाचे नुकसान झाले. माणसांचे संसार वाहून गेले तिथे कुंड्यांचे काय सांगावे. पण ज्याने नऊ महिने रोपे सांभाळली त्यालाच अशा एका रात्रीची किंमत कळते. मोठे फूल हवे असेल तर दसरा-दिवाळीच्या सुमारास प्रत्येक फांदीवर एकच कळी ठेवून बाकीच्या खुडाव्या लागतात. माझ्याने ते होत नाही, म्हणून माझी फुले नेहमी लहान. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेंडा खुडायला नको आणि आधारही नको अशा ठेंगण्या जाती काढल्या आहेत. आमच्यासारख्यांसाठी ते वरदान आहे.

राहिला दिव्याचा प्रश्न. नागपुरात जूनमध्ये दिवस जवळपास साडेतेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांहूनही थोडा कमी. शेवंती हा फरक मोजते. रात्र पुरेशी लांबली, सलग अंधार मिळाला, की ती कळी धरते. रात्रीत उजेड घुसला की तिला वाटते उन्हाळाच चालू आहे, आणि ती पाने काढत बसते. वनस्पतींचा हा हिशोब गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये मांडला, तोही तंबाखू आणि सोयाबीनच्या झाडांना रोज ठरावीक वेळी अंधाऱ्या खोलीत कोंडून. जपानमधल्या आइची भागातले शेतकरी याच गुणाचा धंद्यासाठी उपयोग करतात. शेवंतीच्या शेतांत रात्री दिवे लावून फुले लांबवतात आणि भाव चांगला असेल तेव्हा फुलवतात. महाराजबागेतल्या त्या माळ्याने ही नावे ऐकली असतील किंवा नसतील. रस्त्याच्या दिव्याखालची कुंडी मागे राहते, हे त्याने बघितले होते. शंभर वर्षांहून अधिक काळ जिथे शेतीशास्त्र शिकवले गेले, त्याच्या आवारालगत हे दोन्ही प्रकारचे ज्ञान एकमेकांना ओळख न देता नांदले असेल, असेही मनात येते. आता सार्वजनिक बागांतून कायम माळ्याच्या जागी कंत्राटी मजूर येतात, वर्ष-सहा महिन्यांत बदलतात. ज्याने डिसेंबर पाहिला तो मे महिन्यात नसतो, आणि ज्याने मे काढला त्याला डिसेंबर दिसत नाही. पाट्यांवरचे दिवे मात्र वाढतच चालले आहेत.

त्या वर्षी मी काय केले ते सांगते. कुंडी हलवण्याजोगी नव्हती. मग रोज संध्याकाळी पाटी उजळायच्या आत तिच्यावर जुनी घोंगडी घालायची आणि सकाळी काढायची, असा नेम सुरू केला. समोरच्या पायरीवर पेशंटबरोबर आलेली एक म्हातारी हे रोज बघायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिला राहवले नाही. खालूनच तिने विचारले, "थंडी वाजते का वो त्याले?" मी म्हटले, "नाही, उजेडानं झोप येत नाही." ती हसली. म्हणाली, "आमच्या पेशंटचंबी तसंच हाये."

मागची कुंडी डिसेंबरच्या सुरुवातीलाच फुलून गेली. घोंगडीखालची संक्रांतीच्या दोन-चार दिवस आधी उमलली, पिवळीधमक. तोवर पायरीवर दुसरीच माणसे बसलेली होती.