जुनी बुलेट घरी पुन्हा उभी करताना : अखेरची सफाई आणि ट्यूनिंग

अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली वडिलांची किंवा काकांची बुलेट गोव्यात, बेळगावात वा इंदुरात अनेक घरांत आढळते. १९५५ साली मद्रासमध्ये ‘एनफिल्ड इंडिया’ स्थापन झाल्यानंतर पुढे कित्येक दशके ही ३४६ घनसेंटीमीटरची, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक असलेली बिडाच्या सिलिंडरची गाडी फारशी न बदलता बनत राहिली. तिची रचना साधी असल्यामुळे हौशी मंडळी ती घरीच खोलतात आणि आपल्या आवडीप्रमाणे पुन्हा बांधतात. सांगाडा सरळ होतो, इंजिन जोडले जाते, पण अखेरच्या टप्प्यावर घाई होते. पुष्कळ महिन्यांची मेहनत वाया जाते ती बहुधा याच टप्प्यावर. आणि ब्रेक किंवा वायरिंगमधील हयगय तर जिवावर बेतू शकते. या टप्प्यातील कामांचा क्रम आणि त्यामागील कारणे येथे दिली आहेत.

रंगकाम

रंग लावण्यापूर्वी सर्व भाग एकदा सुटे जोडून पाहावेत. ब्रॅकेट, मडगार्ड, टाकी, सीट, केबलींची वाट हे सारे नीट बसले की मगच गाडी पुन्हा उतरवून रंगाला घ्यावी. रंग झाल्यावर भोक पाडावे लागणे किंवा वेल्डिंग करावे लागणे यासारखे दुखणे नाही.

कोकणपट्टीत पावसाळ्यात रंगकाम टाळलेलेच बरे. हवेत बाष्प अधिक असले की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरते आणि रंगाला पांढुरकी झाक येते. कोरड्या दिवसांत, उन्हे वर आल्यावर आणि धूळ नसलेल्या जागी काम करावे. गंज पूर्ण काढून त्याच दिवशी प्रायमर मारावा. खाऱ्या हवेत उघडे लोखंड एका रात्रीत तांबूस होते. हार्डनर मिसळून वापरायच्या दोन घटकांच्या रंगाची वाफ फुप्फुसांना घातक असते. त्यासाठी साधा कापडी मास्क पुरत नाही; असा रंग योग्य व्यवस्था असलेल्या गॅरेजमधूनच मारून घ्यावा.

सांगाड्यावर ठोकलेला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक पुटी किंवा जाड रंगाखाली दडू देऊ नये. नूतनीकरणाच्या तपासणीत तो वाचता आला नाही, तर उत्तम बांधलेली गाडीही अडकते.

वायरिंग

रंगकामानंतरचा नेहमीचा दोष म्हणजे कच्चा अर्थ. जेथे अर्थची वायर सांगाड्याला लागते तेथील रंग घासून धातू उघडा करावा, वायर घट्ट बसवावी आणि वर थोडे ग्रीस लावावे. बॅटरीलगत फ्यूज असलाच पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली किंवा चेपली जात नाही ना, हे पाहावे. प्रथम दिवे, हॉर्न आणि ब्रेकचा दिवा तपासावा. इग्निशनची पाळी त्यानंतर.

पहिल्या किकपूर्वी

टाकी आतून गंजलेली असेल तर तो कण कण होऊन कार्ब्युरेटरमध्ये उतरतो; म्हणून टाकी धुऊन, सुकवून, पेट्रोलच्या नळीत फिल्टर बसवावा. पंपावरील पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील पाणी शोषते आणि जुन्या रबराच्या नळ्या व सील फुगवते. त्यामुळे नळ्या नव्या घ्याव्यात आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास कार्ब्युरेटर रिकामा करावा.

ऑइल भरल्यावर प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून पंचवीस-तीस वेळा किक मारावी. हेडवर जाणाऱ्या ऑइलच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेथे ऑइल पोचल्याचे डोळ्यांनी पाहावे. ते पोचत नसेल तर इंजिन सुरू करू नये. कोरड्या रॉकरला आणि बेअरिंगला बिघडायला वेळ लागत नाही.

टॅपेट

टॅपेट नेहमी थंड इंजिनावर लावतात. पिस्टन दाबाच्या फेरीच्या माथ्यावर आणून उजव्या बाजूचे झाकण काढावे. पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, मात्र त्याला वर-खाली खेळ जाणवू नये, ही जुन्या मिस्त्रींची कसोटी आजही पुरेशी आहे. एक्झॉस्टच्या बाजूला किंचित सैलपणा चालतो, कारण ती झडप अधिक तापते. टॅपेट घट्ट राहिल्यास झडप पुरती मिटत नाही, दाब निसटतो आणि कालांतराने झडप जळते. थोडा टकटक आवाज आला तरी तो परवडतो. पूर्ण शांत पण घट्ट टॅपेट परवडत नाही.

पॉइंट आणि टायमिंग

पॉइंटची फट आधी लावावी, टायमिंग नंतर. कारण फट बदलली की टायमिंगही सरकते. फट सर्वाधिक उघडी असताना फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मि.मी. आणि प्लगची फट सुमारे ०.५ मि.मी. ठेवावी. ऑटो-अॅडव्हान्स विसाव्याच्या स्थितीत असताना, पिस्टन दाबाच्या फेरीत माथ्यापासून ०.८ मि.मी. खाली असेल त्या क्षणी पॉइंट उघडू लागले पाहिजेत.

हा क्षण ओळखण्यासाठी महागडे साधन लागत नाही. हेडलाइटवरचा अॅमीटर पुरतो. इग्निशन चालू करून इंजिन हळूहळू फिरवावे. पॉइंट मिटलेले असताना काटा खर्चाच्या बाजूला झुकतो आणि उघडताच मध्यावर येतो. तपासणी झाली की इग्निशन लगेच बंद करावे, अन्यथा कॉइल तापते. टायमिंग फार पुढे असेल तर किक उलटी बसते आणि घोट्याला दुखापत होते. फार मागे असेल तर इंजिन सुस्त चालते आणि एक्झॉस्टची नळी निळी पडते.

कार्ब्युरेटर

टॅपेट आणि टायमिंग बिनचूक झाल्याशिवाय कार्ब्युरेटरला हात लावू नये. अन्य दोष कार्ब्युरेटरमध्ये शोधत बसणे ही नवख्यांची हमखास चूक. इंजिन नेहमी उघड्या जागी चालवावे. बंद खोलीत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता प्राण घेतो.

स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये प्रत्येक भागाचे क्षेत्र ठरलेले असते. बंद थ्रॉटलपासून एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, तेथून पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडचा काप, पावापासून पाऊणपर्यंत सुई आणि त्यापुढे मेन जेट. म्हणून दोष कोणत्या थ्रॉटलवर जाणवतो, यावरून तो कोठे शोधायचा हे ठरते.

इंजिन चांगले गरम झाल्यावर हवेचा स्क्रू सुमारे दीड फेरी उघडा ठेवून आरंभ करावा. इंजिन जास्तीत जास्त वेगाने आणि सम चालेल तेथे स्क्रू थांबवावा आणि मग आयडल कमी करावे. स्क्रू आत नेल्यास मिश्रण दाट होते. मधल्या थ्रॉटलवर गाडी अडखळत असेल तर सुईची क्लिप एकेक खाच सरकवावी. क्लिप खाली नेली की सुई वर उठते आणि पेट्रोल वाढते. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा.

निकाल प्लग सांगतो. काही अंतर एका वेगाने चालवून, क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढावा. काळी काजळी म्हणजे मिश्रण दाट, पांढरा फटक प्लग म्हणजे विरळ, चहासारखा तपकिरी म्हणजे योग्य. मोकळा सायलेन्सर किंवा उघडा एअर फिल्टर लावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. त्याने हवा वाढते, मिश्रण विरळ होते आणि तापलेला पिस्टन चिकटू शकतो.

ब्रेक आणि पहिली फेरी

पुढच्या ड्रम ब्रेकचे शू मध्यावर येण्यासाठी अॅक्सलचा नट सैल करावा, चाक फिरवून ब्रेक घट्ट दाबावा आणि तसाच दाबून धरून नट आवळावा. चेन सर्वांत ताणलेल्या जागी २५ ते ३० मि.मी. हलावी. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो. आजच्या गाड्यांची सवय असलेल्याने रिकाम्या मैदानावर आधी सराव करावा.

पहिली फेरी पाच-सहा किलोमीटरांचीच असावी. परतल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि हेडचे नट, इंजिनाचे बोल्ट, हँडल व चाकांचे नट पुन्हा तपासावेत. नवा पिस्टन असल्यास पहिले ५०० किलोमीटर ताशी ४५ ते ५० च्या आत राहावे, थ्रॉटल एकसारखा न ठेवता वरखाली करावा आणि त्यानंतर ऑइल बदलावे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांहून भिन्न ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सांगाडा कापणे किंवा दुसऱ्या क्षमतेचे इंजिन बसवणे यात मोडते. रंग बदलल्यास परिवहन कार्यालयात नोंद करून घेणे श्रेयस्कर. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. प्रदूषण तपासणीत ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला आयडलवर ४.५ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे. हवेचा स्क्रू नीट लावलेली, धूर न सोडणारी बुलेट या चाचणीत सहसा उत्तीर्ण होते.

सायलेन्सर मूळ धाटणीचाच ठेवावा. बुलेटचा संथ, खोल ठोका नीट लावलेल्या टायमिंगमधून येतो. त्यासाठी शेजाऱ्यांची झोप मोडण्याचे कारण नाही.