सिॲटलच्या मोटारींच्या काचा

१९५४ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे मोटारींच्या पुढील काचांवर बारीक खळगे पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. छऱ्याच्या बंदुका घेऊन हिंडणाऱ्या उनाड पोरांवर प्रथम संशय गेला. एप्रिलच्या मध्यास हे लोण सिॲटलला पोहोचले आणि १५ तारखेपर्यंत तेथे सुमारे ३,००० काचांची नोंद झाली. कोणी काचांवर वर्तमानपत्रे पसरली. महापौर पोमरॉय यांनी तर थेट अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याकडे साहाय्य मागितले. आता बोट दाखविले जात होते ते हायड्रोजन बॉम्बकडे. १ मार्च रोजी बिकिनी येथे झालेल्या स्फोटाची राख जपानी कोळ्यांच्या अंगावर पडली होती. तेव्हा ही भीती अगदीच खुळी म्हणता येत नाही. परंतु काचा तपासल्या गेल्या तेव्हा जुन्या मोटारींवर खळगे पुष्कळ आणि नव्या कोऱ्या मोटारींवर क्वचितच आढळले. रस्त्यावरील वाळू व खडी वर्षानुवर्षे उडून ते पडले होते. एरवी काचेतून पलीकडचा रस्ता पाहणारे लोक त्या आठवड्यात प्रथमच काचेकडे निरखून पाहू लागले होते. १७ एप्रिलनंतर तक्रारी झपाट्याने ओसरल्या.