दहा राग आणि एक शिक्का

चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी १९८२ साली मुंबईत मुद्रित झाली. शिक्का एचएमव्हीचा. दोन्ही बाजू मिळून दहा राग, प्रत्येक जेमतेम पाच मिनिटांचा. गाणे नाही, तबला नाही, तंबोरा नाही. तीन जपानी यंत्रे आणि एक माणूस. बाजारात ती आली आणि बुडाली. पुढे अठ्ठावीस वर्षांनी, २०१० साली, 'बॉम्बे कनेक्शन' नावाच्या एका छोट्या डच कंपनीने तीच तबकडी पुन्हा काढली आणि पाश्चात्त्य संगीत-पत्रकारितेत गहजब झाला. शिकागोतल्या तरुणांनी १९८७ साली जन्माला घातलेले 'अ‍ॅसिड हाउस' नावाचे नृत्यसंगीत मुंबईतल्या एका वादकाने पाच वर्षे आधीच करून ठेवले होते, असे सांगितले जाऊ लागले.

तबकडीवरचा स्वर न् स्वर तोच होता. तिचे कूळ मात्र बदलले. कोणत्याही पुनर्मुद्रणात हे थोडेफार घडतेच. येथे ते इतके ठळक घडले, की उलटतपासणी करून पाहावी असे मला वाटले.

आधी वादकाबद्दल. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातले मुरलेले वादक. गिटार, बेस गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड ही त्यांची वाद्ये. ट्रान्झिकॉर्ड म्हणजे फारफिसा या इटालियन कंपनीचा विजेवर चालणारा अ‍ॅकॉर्डियन. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन अशा अनेकांकडे ते वाजवत. 'दम मारो दम' ऐकताना आपण आशाबाईंचे नाव घेतो, राहुलदेवांचे घेतो. त्यातला ट्रान्झिकॉर्ड कोणाचा, हे विचारत नाही. या मंडळींची नावे रेकॉर्डच्या वेष्टनावर क्वचितच छापली जात. स्वतःच्या नावाने काही करायचे तर एकच वाट असे : गाजलेल्या चित्रगीतांच्या धुना आपल्या वाद्यावर वाजवून तबकडी काढणे. व्हॅन शिपले यांनी इलेक्ट्रिक गिटारवर, पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांनी अ‍ॅकॉर्डियनवर हेच केले. चरणजित यांनीही अशा तबकड्या काढल्या. लग्नघरी, हॉटेलात, दोन कार्यक्रमांमधल्या रिकाम्या जागेत त्या वाजत. कोणी कान देऊन ऐकावे, अशी त्यांच्याकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती.

१९८० साली 'कुर्बानी'तल्या 'आप जैसा कोई'ने डिस्को घराघरांत नेला. पुढच्या वर्षी नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' आला, आणि १९८२ संपता संपता 'डिस्को डान्सर'. याच सुमारास चरणजित यांनी सिंगापूरहून रोलंड कंपनीची नवी यंत्रे आणली होती. ज्युपिटर-८ हा एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा सिंथेसायझर. टीआर-८०८ हे तालयंत्र. आणि टीबी-३०३ ही पुस्तकाएवढी, रुपेरी रंगाची पेटी. शेवटच्या दोन्ही यंत्रांची मूळ कामे अगदी साधी होती. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी, एवढ्यासाठी ३०३ बनवली गेली. तिचा बेस खऱ्या गिटारसारखा मुळीच वाटत नसल्याने गिटारवादकांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि १९८४ साली कंपनीने उत्पादन थांबवले.

सिनेमात सगळीकडे डिस्कोच चालला आहे, तर त्याच ठेक्यावर आपण वेगळे काही करावे. राग वाजवावेत आणि तबला गाळून टाकावा, असा विचार चरणजित यांनी केला. हे त्यांनीच पुढे मुलाखतींत सांगितले आहे. त्यामागे कोणताही जाहीरनामा नव्हता. धंद्यातल्या माणसाला फावल्या वेळात सुचलेली ती एक युक्ती होती.

मराठी कानाने ही तबकडी ऐकताना मला पहिल्यांदा जाणवला तो रागांचा क्रम. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. उलट बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि शेवटी बैरागी. पहाटेपासून निघून सकाळ, दुपार, सायंकाळ, रात्र करीत पुन्हा सकाळी येऊन थांबणारे हे चक्र आहे. मध्ये पावसाची एक सर. यात खटकतो तो भूप : शास्त्राने तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, आणि येथे तो ललत-तोडीच्या मध्ये, ऐन सकाळी बसला आहे. आपल्याकडे मात्र भूपाळी म्हटले की पहाटच आठवते. देवाला उठवायच्या भूपाळ्यांच्या चाली अनेकदा भूपाच्याच स्वरांत असतात. मुंबईत उभी हयात काढलेल्या वादकाच्या कानावर त्या पडल्या नसतील, असे म्हणवत नाही. अर्थात हा माझा तर्क; पुरावा म्हणून मी तो मांडत नाही.

प्रहरांच्या धाग्यात राग ओवण्याची ही कल्पना एचएमव्हीच्या घरात नवी नव्हती. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ची तबकडी काश्मीरच्या दऱ्यांतल्या एका गुराख्याचा दिवस अशाच क्रमाने सांगते. संतूर आणि गिटार या दोन्ही वाद्यांकडे तेव्हा शास्त्रीय मंचावर संशयानेच पाहिले जात होते, हेही येथे लक्षात घ्यावे. चरणजित यांची तबकडी त्या रांगेत ठेवून पाहिली, की तिच्यातले चमत्कारिकपण बरेच कमी होते.

त्या रांगेच्याही मागे जावे लागते ते पेटीपाशी. पाश्चात्त्य पट्ट्यांच्या वाद्यावर राग वाजवावा की नाही, हा वाद महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. गोविंदराव टेंबे यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली, संगीत रंगभूमीने तिला डोक्यावर घेतले. आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर उभे केले. आक्षेप दोन होते : स्वर ठोकळेबाज आहेत आणि मींड निघत नाही. दुसरा आक्षेप तर बिनतोड होता. पेटीवर एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारता येते, घसरत जाता येत नाही.

आता त्या रुपेरी पेटीकडे पाहा. टीबी-३०३ मध्ये स्वरांची मालिका आधी भरून ठेवायची असते, आणि भरताना प्रत्येक स्वरापुढे 'हा पुढच्यात घसरत जावा' अशी खूण करता येते. साथीच्या बेसला थोडी लवचीकता यावी, म्हणून ही सोय. या तबकडीत खाली तो बेस सतत वळवळत राहतो आणि वर ज्युपिटरचे स्वरही एकमेकांत ओघळतात. गायकाची मींड ती नव्हे. कोमल रिषभाचे भैरवातले आंदोलन यंत्राला साधलेले नाही, आणि तोडीचा गंधार ऐकून जाणकार तोंड वाकडे करतील, मीही केले. पण कलावती आणि मालकंस हे पाच स्वरांचे राग या बांधणीत विलक्षण उतरले आहेत. स्वर कमी असल्याने बेसची मालिका रागाबाहेर न जाता गोल फिरत राहते, तंबोऱ्याची उणीव भासू देत नाही, आणि आठ मात्रांच्या कहरव्याला डिस्कोचा चार ठोक्यांचा ठेका बेमालूम झाकून टाकतो.

मग ती खपली का नाही? मला दिसणारी कारणे साधी आहेत. तबकडीवर ना सिनेमाचे नाव, ना गायकाचे. शास्त्रीय ऐकणाऱ्याला शीर्षकातला 'डिस्को' नको होता आणि नाचणाऱ्याला 'राग'. दुकानदाराने ती ठेवायची कोणत्या खणात? त्यातच मोठ्या तबकडीचे दिवस भरत आले होते. स्वस्त कॅसेटने याच वर्षांत बाजार उलटापालटा केला, आणि जे कॅसेटवर गेले नाही ते वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचलेच नाही.

पुढची गोष्ट एदो बाउमन या डच संग्राहकाची. २००२ साली दिल्लीत त्यांच्या हाती ही तबकडी लागली. त्यांनी मुंबईत येऊन चरणजित यांना गाठले आणि २०१० साली पुनर्मुद्रण काढले. ते ऐकून काही जाणत्यांना वाटले, की ही थट्टा आहे. एफेक्स ट्विन या नावाने वाजवणाऱ्या इंग्रज कलावंताने जुन्या भारतीय तबकडीचे सोंग आणले असावे. मुंबईतल्या वादकाने हे केले असेल यापेक्षा इंग्रजाने नक्कल केली असेल, हे मानणे अनेकांना सोपे गेले. पुढे शंका फिटली, तेव्हा तीच माणसे दुसऱ्या टोकाला गेली : हा तर अ‍ॅसिड हाउसचा जनक!

शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रिकुटाने काय केले, ते येथे सांगितले पाहिजे. बंद पडलेली ३०३ जुन्या बाजारात मातीमोलाने मिळू लागली होती. ती वाजत असताना त्यांनी तिची बटणे सतत फिरवत ठेवली आणि स्वर किंचाळू, बुडबुडू लागला. त्यातून १९८७ची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' निघाली. त्यांनी चरणजित ऐकले होते, याला कसलाही आधार नाही. दोघांचे यंत्र एक, घसरण एक, म्हणून नाद सारखा. पण आधी असणे म्हणजे बाप असणे नव्हे. शिकागोला हव्या असलेल्या आजोबांच्या चौकटीत मुंबईचा फोटो बसवला गेला, इतकेच. आणि या गडबडीत पेटी, अ‍ॅकॉर्डियन, ट्रान्झिकॉर्ड हे चरणजित यांचे खरे पूर्वज बाजूला राहिले.

हे माझ्या ध्यानात आले त्याला माझ्या गावाचाही हात आहे. मी मेडशीचा. अकोल्याहून वाशिमकडे निघाले, की पातूरनंतर आणि मालेगावच्या आधी हे गाव लागते. आमच्या पट्ट्यात लग्नसराईत बेंजोपार्ट्या असतात : बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ताशा आणि चाकांवर कर्णे. अशाच एका पार्टीतल्या जुन्या कीबोर्डवाल्याला मी या तबकडीतला मालकंस ऐकवला. कुठला देश, कुठले साल, काही सांगितले नाही. तो म्हणाला, "हे तं आपल्याच लायनीतलं हाय भाऊ. फक्त ताशावाला घरी राह्यला वाट्टे." पाश्चात्त्य समीक्षेला जे आकाशातून पडल्यासारखे वाटले, ते त्याला शेजारच्या मांडवातले वाटले. त्याला राग ओळखता आला नाही. जात ओळखता आली.

या प्रकारची पुनर्मुद्रणे आता पुष्कळ झाली आहेत. मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या रॉक बँडचे मुद्रण २०११ साली अमेरिकेच्या 'नाउ-अगेन'ने काढले. याच बँडमधून काही काळ नंदू भेंडे गायले. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा, 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'च्या १९७४च्या मुंबईतल्या प्रयोगातला ज्यूडास. रूपा बिस्वास यांचा 'डिस्को जॅझ' २०१९ साली शिकागोच्या 'न्यूमेरो ग्रुप'ने आणला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ ते १९७२ या काळात मूग सिंथेसायझरवर झालेले प्रयोग २०२३ साली लंडनहून प्रसिद्ध झाले. शोधणारे कान, निवडणारी अभिरुची आणि पहिला ग्राहक, तिन्ही बहुतेक बाहेरचेच. त्यांनी केले नसते तर यातले बरेच काही भंगारात गेले असते. त्यांचे ऋण मानायलाच हवे. पण निवड होते ती त्यांच्या नाचघराला काय शोभेल यावरून. एनॉक डॅनियल्स यांच्या अ‍ॅकॉर्डियनसाठी असा गाजावाजा झालेला नाही.

चरणजित यांना स्वतःला या जनकपणाचे फारसे कौतुक नव्हते असे दिसते. बाकीच्या तबकड्यांत दुसऱ्यांची चित्रगीते वाजवली, ही मात्र सर्वस्वी माझी, म्हणून हीच उत्तम, एवढेच ते सांगत. जी माणसे जन्मभर वेष्टनावर नाव नसताना वाजवत राहिली, त्यांच्यातल्या एकाने हे म्हणावे, याचा अर्थ मला 'अ‍ॅसिड'पेक्षा मोठा वाटतो. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपात कार्यक्रमांना गेले. नातवंडांच्या वयाच्या, यमन-मालकंसाचे नावही न ऐकलेल्या गर्दीपुढे त्यांनी हेच राग वाजवले, आणि ती गर्दी नाचली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते गेले. मूळ एचएमव्ही तबकडी आज संग्राहकांच्या बाजारात दुर्मीळ गणली जाते.