प्राचीन नाण्यांचा संग्रह : छंदही, पुरावाही

जुनी नाणी जमवणे हा श्रीमंतांचा छंद समजला जातो. पण ज्यांचा इतिहास दडपला गेला, त्यांच्यासाठी नाणे हा हातात धरता येणारा पुरावा आहे. म्हणून धम्म चळवळीतील तरुणांनी हा विषय समजून घ्यायला हवा.

बौद्ध इतिहासातील नाणी

भारतातील सर्वांत जुनी नाणी म्हणजे चांदीची आहत नाणी. पाली साहित्यातील 'कहापण' तो हाच. अनाथपिंडिकाने जमिनीवर नाणी अंथरून जेतवन विकत घेतले, हा प्रसंग भारहूतच्या शिल्पात कोरलेला आहे. त्यात बैलगाडीतून उतरवलेली चौकोनी नाणी स्पष्ट दिसतात.

नाशिकच्या लेणी क्रमांक १० मधील उषवदाताच्या शिलालेखात भिक्खूसंघासाठी ३,००० कहापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्यातील २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज. म्हणजे वर्षाला २४० कहापण. त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कहापण चीवरासाठी. हिशेब आजही तंतोतंत जुळतो.

याच उषवदाताचा सासरा क्षत्रप नहपान. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे त्याच्या चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. सत्ताबदलाचा इतका ठोस पुरावा क्वचितच मिळतो.

कनिष्काच्या काही नाण्यांवर उभे बुद्ध असून ग्रीक लिपीत 'बोद्दो' लिहिलेले आहे. ही नाणी अत्यंत दुर्मिळ. त्यामुळे स्वस्तात कोणी देऊ केले, तर ते नकली समजावे.

एक सावधगिरी : प्राचीन नाण्यांवरील कमानींच्या टेकडीला पूर्वी सरसकट 'चैत्य' म्हटले जाई. प्रत्येक टेकडी, झाड किंवा चक्र बौद्धच असे मानू नये. चुकीचा दावा खऱ्या पुराव्यालाही कमकुवत करतो.

कायदा काय सांगतो?

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. लेणी, स्तूप किंवा पांढरीच्या टेकाडावरून नाणी उचलून विकू नयेत. कुठे, कोणत्या थरात सापडले ही माहिती गेली, की नाणे फक्त धातूचा तुकडा उरतो.

सुरुवात कशी करावी?

- बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा १९९० चा एक रुपया आणि २०१५ चे दहा रुपयांचे नाणे यांपासून सुरुवात करा. रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२३ मध्ये ग्रंथ लिहिला, हे विसरू नका.
- चिंच, लिंबू, अ‍ॅसिडने नाणी घासू नका, अक्षरे झिजतात.
- नाणे कडेला धरा, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा.
- वजन, व्यास, धातू, कुठून मिळाले याची वही ठेवा. खरेदीची पावती घ्या.
- ब्राह्मी शिका. लेणी वाचता येतील आणि नाणीही.

नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय पाहण्यासारखे आहे. विहारातील मुलांची सहल एकदा तिकडे न्या. आपला वारसा दुसऱ्याने सांगण्याची वाट न पाहता तो स्वतः वाचायला शिकणे, हेच खरे काम आहे.

जय भीम, नमो बुद्धाय!