बनेश्वर घंटा

पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील नसरापूर येथील बनेश्वर मंदिरात असलेली पोर्तुगीज घंटा. पुणे–सातारा महामार्गावरील चेलाडी फाट्यावरून नसरापूरला जाता येते. शिवगंगा नदीकाठच्या गर्द बनातले हे शिवमंदिर नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधले. घंटा त्याहून जुनी आहे. तिच्यावर क्रूस आणि 1683 हे साल कोरलेले आहे. ती मूळची चर्चमधली, हे त्यावरून उघड होते. मराठा सेनानी चिमाजी आप्पांनी मे 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, त्या विजयाची ही खूण. पोर्तुगीज घंटा भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीतही आहेत.

चर्चच्या घंटा सामान्यतः काशाच्या, म्हणजे सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील यांच्या मिश्रधातूच्या असतात. कथिलामुळे धातू कडक होतो आणि नाद बराच वेळ घुमत राहतो. मराठ्यांनी ही घंटा वितळवली नाही, तिच्यावरचा क्रूसही खरवडला नाही. हे विशेष मोलाचे आहे. दर्शनाला जाणाऱ्यांनी तो क्रूस आणि ते साल आवर्जून पाहावे.