‘थिबाच्या वाड्यातली’ फळी

मंडालेची सागवानी कोरीव फळी दिवाणखान्याच्या भिंतीवर लागली, की तिच्यामागून एक वाक्यही हटकून येते : ‘थिबा राजाच्या वाड्यातली आहे.’ ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा रत्नागिरीत तीस वर्षे नजरकैदेत राहिला आणि १९१६मध्ये तिथेच वारला, त्यामुळे मराठी माणसाला हे लगेच पटतेही. पण उपलब्ध साधने तपासली, तर या वाक्याला फारसा आधार सापडत नाही.

२९ नोव्हेंबर १८८५ रोजी थिबा आपल्या राजधानीत, मंडालेत, इंग्रजांना शरण आला. तिथल्या वाड्यातल्या किमती चीजवस्तूंची लूट झाली, हे खरे. मुख्य इमारती मात्र इंग्रजांनी वापरायला घेतल्या. एका दालनात चर्च भरू लागले, दुसऱ्यात अप्पर बर्मा क्लब थाटला गेला. १९०१मध्ये व्हाइसरॉय कर्झन मंडालेला आला आणि त्याने वाड्याच्या जतनाचा आग्रह धरला. १९२५मध्ये पुरातत्त्वज्ञ शार्ल द्युरोझेल यांनी वाड्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, म्हणजे तोवर दाखवण्याजोगा वाडा उभा होता. मार्च १९४५च्या लढाईत तो जळून खाक झाला.

थिबाचा पिता मिंडन राजा १८७८मध्ये वाड्यातल्या ज्या महालात वारला, तो मात्र वाचला. कारण थिबाने तो उतरवून तटाबाहेर मठ म्हणून पुन्हा उभारला होता. तोच आजचा श्वेनंदॉ मठ. बाहेरच्या कोरीवकामावरचा सोन्याचा वर्ख ऊनपावसाने गेला आहे. आत जातककथांच्या फलकांवर तो अजून दिसतो.

मग परदेशी घरांत पोचलेल्या फळ्या आल्या कुठून? एक माग फेलिचे बेआटोपर्यंत जातो. हा नामांकित छायाचित्रकार इंग्रजांनी राज्य खालसा केल्यानंतर मंडालेत आला. त्याने स्टुडिओ काढला, जोडीला कलावस्तूंचे दुकानही. मालाची छायाचित्रे असलेली यादी तो परदेशी गिऱ्हाइकांना टपालाने धाडी. १९०७मध्ये त्याची कंपनी बंद झाली. त्या काळातल्या निर्यातीच्या मालात पडदे, कपाटे, घंटेच्या चौकटी असत आणि त्यांवर नर्तक, राक्षस, वेलबुट्टी खच्चून कोरलेली असे. या मालाशी ताडून पाहायला एच. एल. टिली यांचे बर्मी काष्ठशिल्पावरचे सचित्र पुस्तक आहे; ते १९०३मध्ये निघाले. फिलिप क्लिअरच्या छायाचित्रांमुळे जागेवर असलेले जुने काम कसे दिसे, ते त्यात पाहायला मिळते.

दुसरा माग मोडकळीला आलेल्या मठांचा. तिथली फळी ओळखायची, तर आधी ती उलटी करावी. इमारतीतून निघालेल्या फळीला जोडाची कूस किंवा कापलेल्या कुसेची खूण असते; उघड्यावरची दर्शनी बाजू करडी पडून तिच्या रेषा उठलेल्या असतात, पाठ मात्र त्या मानाने शाबूत. खोल खाचांत झाडाच्या चिकाचे काळे रोगण आणि वर्खाचे कण अडकलेले सापडतात. करडा रंग आणि वर्ख नकली करता येतो, म्हणून एकट्या खुणेवर भिस्त ठेवू नये.

बेआटोच्या काळातला माल आता शंभरी ओलांडून गेला आहे. म्हणजे ‘प्राचीन’ हे विशेषण खरे आणि ‘वाड्यातली’ हे खोटे, असे एकाच फळीबाबत होऊ शकते. म्यानमारच्या २०१५च्या कायद्यात शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना पुरावस्तूचे संरक्षण आहे. त्यामुळे विक्रेत्याला राजाचे नाव विचारण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत : फळी देशाबाहेर कधी पडली, आणि त्याचा कागद कुठे आहे?