सरकीच्या पोत्यातली वंशावळ

२०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली, तेव्हा एक उत्तर सगळ्यांच्या तोंडी होतं: ही गुजरातेतून आली. वरवर पाहता त्याला आधारही होता. बीटी कपाशी (अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारी) पचवणाऱ्या अळ्या भारतात पहिल्यांदा हाती लागल्या त्या २००८ मध्ये, सौराष्ट्रातल्या अमरेली भागात. २०१० मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. पुढे दोन जनुकांच्या बीटीलाही ती दाद देईनाशी झाली, आणि त्याही बातम्या आधी गुजरातेतून आल्या. म्हणजे तिकडे पेटलं आणि ठिणगी इकडे आली, असा हिशेब सहज जुळतो. माझ्या मते मात्र त्यात दोन वेगळे इतिहास एकमेकांत मिसळले आहेत. एक अळीच्या प्रवासाचा, दुसरा तिच्या प्रतिकाराचा. पहिला खरोखरच गावोगाव आणि देशोदेशी झालेल्या प्रवासाचा इतिहास आहे. दुसरा तसा नाही, आणि याची साक्ष अळीच्या जनुकांतच मिळते.

आधी प्रवास पाहू. ईस्ट इंडिया कंपनीला मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी लांब धाग्याचा कापूस हवा होता, म्हणून भडोचच्या सरकारी मळ्यात अमेरिकी वाण लावून पाहिलं जात होतं. त्या कपाशीची बोंडं आतून पोखरलेली निघाली. नमुने इंग्लंडला गेले आणि १८४३ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी या किडीचं शास्त्रीय वर्णन छापलं. त्यानंतर साठेक वर्षं तिची फारशी वाच्यता झाली नाही. १९०६-०७ च्या सुमारास भारतातून इजिप्तला सरकी गेली आणि काही वर्षांतच नाईलच्या खोऱ्यातला कापूस किडू लागला. १९११ च्या आसपास इजिप्तची सरकी मेक्सिकोत आणि ब्राझीलमध्ये पोहोचली. अमेरिकेने धास्तीने परदेशी सरकीवर निर्बंध घातले, तरी १९१७ मध्ये टेक्सासातल्या हर्न या गावी अळी सापडलीच. तिथल्या तेलगिरणीत मेक्सिकोची सरकी गाळायला आली होती. पेरायला म्हणून नव्हे, नुसतं तेल काढायला!

हे शक्य झालं ते या किडीच्या एका सवयीमुळे. हंगामाच्या शेवटी पूर्ण वाढलेली अळी कोषात न जाता सुप्तावस्थेत जाते. पुष्कळदा दोन सरक्या धाग्याने एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत ती मुटकुळं करून पडते आणि महिनोन् महिने तशीच राहू शकते. आगबोटीवरचं पोतं म्हणजे तिला आयतं घर. पतंग वाऱ्यावर बऱ्यापैकी दूर जातात हे खरं, पण अटलांटिक ओलांडायला पंख पुरत नाहीत, पावती लागते. म्हणून या किडीची जगभरची वंशावळ लिहायची तर कीटकशास्त्रज्ञाइतकाच सरकीच्या व्यापाऱ्याच्या वह्यांचा उपयोग होतो. (मूळ घर भारतच, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. तिची दोन सख्खी भावंडं ऑस्ट्रेलिया आणि त्याच्या आसपासची आहेत, त्यामुळे काही अभ्यासक मूळ तिकडे शोधतात. भडोचला तिला नाव मिळालं. जन्म तिथलाच, असं त्यावरून ठरत नाही.)

आता प्रतिकाराकडे वळू. क्राय१एसी हे बीटीचं विष अळीच्या आतड्यात कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तिथून आपलं काम सुरू करतं. कॅडहेरिन बनवणारं जनुक बिघडलं की विषाला धरायला जागा उरत नाही. आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच अळी वाचते. आता समजा, अमरेलीतल्या एखाद्या पतंगात असा बिघाड झाला आणि त्याचीच संतती देशभर पसरली. तसं असेल तर जिथे जिथे प्रतिकारक अळी सापडेल तिथे बिघाड एकच निघायला हवा, एकाच खोट्या नाण्याच्या साच्यातून पडलेला. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक अळ्यांची तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा या एका जनुकाच्या निदान आठ निरनिराळ्या बिघडलेल्या प्रती त्यांत निघाल्या. शिवाय जनुकाचा संदेश कापून जोडताना होणाऱ्या फेरफारांमुळे त्या संदेशाची एकोणीस रूपं दिसली. टाकसाळ एक नव्हती, अनेक होत्या. प्रतिकार एका जागी जन्मून पसरला नाही. तो ठिकठिकाणी, वेगवेगळ्या वाटांनी उपजला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या अळ्यांवर प्रयोगशाळेत निवड केली, तेव्हा याच जनुकाच्या तीन बिघडलेल्या प्रती मिळाल्या होत्या. मग आठ आणि तीन यांत मोठं अंतर ते काय? ही तुलना सरळ नाही, हे मान्य करायला हवं. एकीकडे पेटीत वाढवलेल्या काही अळ्या, दुसरीकडे उघडं शेत. त्यामुळे ‘आपली अळी जुनी म्हणून वैविध्याने श्रीमंत, तिकडची पोत्यातून गेलेली म्हणून दरिद्री’ असा मोहक निष्कर्ष मी काढणार नाही. माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. ॲरिझोनातही एकाहून अधिक बिघाड होते, म्हणजे असे बिघाड दुर्मीळ असले तरी अळीच्या समूहात विखुरलेले असतातच. त्यातला एखादाही माजू न देणं हीच खरी कसोटी, आणि दोन देशांच्या वाटा इथेच फुटतात.

ॲरिझोनात शेतकऱ्यांनी बीटीशेजारी साध्या कपाशीचे पट्टे, म्हणजे आश्रय पीक, राखले. तिथे वाढलेले साधे पतंग क्वचित जगलेल्या प्रतिकारक पतंगांशी जुळले, की पिल्लांना एक चांगली प्रत मिळे आणि ती बीटी खाऊन मरत. पुढे वांझ पतंग मोठ्या संख्येने सोडले गेले आणि २०१८ मध्ये अमेरिकेने ही कीड आपल्या कापूसपट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे बीटीच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची पुडी मिळे, पण ती बहुधा बांधावर किंवा उकिरड्यावर जाई. त्याचं खापर शेतकऱ्यावर फोडणं मला अर्धवट वाटतं. दोन-चार एकरवाल्याने आपल्या रानाचा एक भाग अळीला आंदण द्यावा, ही अपेक्षा कागदावर सोपी.

शिवाय बियाण्याच्या घडणीतही एक दोष होता. आपण संकरित वाण लावतो. झाडाच्या पानात बीटी असतं, पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी, आणि तिच्यात जनुकं वाटली जातात. एका जनुकाच्या संकरित वाणात चारांतली सुमारे एक सरकी बिनविषाची निघते. गुलाबी अळी खाते ती सरकीच. एक विषारी, एक साधी असं चाखत गेलेल्या अळीला अर्धवट मात्रा मिळते, आणि बिघडलेली एकच प्रत असलेल्या अळीलाही तगायची संधी मिळू शकते. त्यात हे वाण लांब मुदतीचे. वर बाजारभावाच्या आशेने फरदड राखली, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक तसंच उभं ठेवलं, की अळीला आणखी एक-दोन पिढ्या फुकट. लाखो हेक्टरांवर हीच चाळणी वर्षानुवर्षं फिरत राहिली. मग जिथे जो बिघाड होता, तो तिथेच माजला.

मग चीनचं काय, असं कुणी विचारेल. तिथेही यांगत्से खोऱ्यात छोटे शेतकरी आणि संकरित कापूसच होता. फरक असा की तिथल्या शेतकऱ्यांनी स्वस्तात पडतं म्हणून संकरित वाणाची दुसऱ्या पिढीची सरकी पेरली. त्यामुळे शेतातली सुमारे चौथाई झाडंच अख्खी बिनबीटीची निघाली आणि कुणी न सांगता आश्रय पीक सर्वत्र पसरलं. २०१० पर्यंत वाढत गेलेला प्रतिकार त्यानंतर ओसरला. अर्थात आपल्याकडे हे उसनं आणून चाललं नसतं. प्रतिकार एवढा माजल्यावर चौथाई साध्या झाडांनी तो परतवणं अवघडच.

प्रतिकार जागोजागी उपजतो म्हणून वाहतुकीला मोकळीक द्यावी, असं मात्र यातून निघत नाही. एकदा उपजलेली प्रत पोत्यातून दुसऱ्या तालुक्यात जातेच, आणि तिथल्या प्रतीशी तिची गाठ पडली की दोन वेगवेगळे बिघाड एकाच अळीत येतात. त्याही अळीला बीटी बाधत नाही, कारण दोन प्रती एकाच तऱ्हेने बिघडलेल्या असाव्यात अशी काही अट नाही. विदर्भात आता जिनिंगच्या आवारात आणि तेलगिरण्यांत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नरांना ओढणारे सापळे, लावायला सांगतात. पऱ्हाटी उपटून झालेली असते, शिवारात एक बोंड नसतं, आणि तरी भर उन्हाळ्यात सरकीच्या ढिगाशेजारच्या त्या सापळ्यांत नर पतंग पडत राहतात.